आधी बॅग, मग दांडी

१ सप्टेंबर २००१, शनिवार. सकाळ.

काल रिटायर झालो. आजपासून रोजनिशी. उद्देश एकच, शिस्त. नोकरीत शिस्त साहेबाची होती, आता माझी राहील.

निरोपसमारंभात वर्कशॉपच्या फिटर मंडळींनी शालीऐवजी हत्यारांचा अख्खा सेट दिला. भाषणात म्हणाले, गंगाधरबाबूंनी जन्मभर स्टोअरच्या खिडकीतून आम्हाला हत्यारं दिली, आता जरा स्वतः चालवून पाहावी. सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. हातोडी, पाने, पक्कड, पेचकस, कानस, करवत, छिन्नी, हातड्रिल, पाणसळ. सगळं चांगल्या कंपनीचं, तेल लावून कागदात गुंडाळलेलं.

ठराव: यापुढे या घरात बाहेरचा मिस्त्री पाऊल ठेवणार नाही.

संध्याकाळ.

बायकोने, म्हणजे गोदूने, लगेच काम काढलं. न्हाणीत धरायला एक दांडी हवी म्हणते. आंघोळ करून उठताना तिला हल्ली चक्कर येते. उपाशीपोटी आंघोळ, दुसरं काही नाही. पण काम सोपं आहे. पाइपाचा तुकडा, दोन ब्रॅकेट, भिंतीत भोकं. पाइप दुपारीच गुढियारीच्या चौकातून कापून आणला. गोदूने कुंकवाचं बोट भिंतीवर टेकवलं आणि म्हणाली, इथं पाह्यजे, माह्या हाताले इथं पुरते.

कामाला बसलो तेव्हा मूळ अडचण लक्षात आली. हत्यारं तेलाच्या रिकाम्या पिप्यात ठेवली आहेत. ड्रिल तळाशी गेलं आणि वर सगळे पाने. पिप्याच्या पत्र्याला धार. मनगट खरचटलं, गोदूने हळद लावली. हत्यारांना धड जागा नसेल तर कामाला धड सुरुवात होत नाही, हे मी स्टोअरमध्ये आयुष्यभर सांगत आलो. तेव्हा आधी बॅग. मोठी, दणकट, जन्मभर पुरेल अशी. मग दांडी.

२ सप्टेंबर, रविवार

गोलबाजारात गेलो. बॅगवाल्याला स्वच्छ सांगितलं, हत्यार रखने का बडा मजबूत थैला दिखाओ. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, बाबूजी, अपन ये काम नहीं करते. शेजारच्या दुकानात एक गिऱ्हाईक नुसतं ऐकून निघून गेलं.

घरी सांगितलं तर गोदू हसून हसून खोकायला लागली. म्हणाली, काहून असं करून राहिले हो, हिंदीत हत्यार म्हणजे बंदूक, तलवार. औजार म्हणा, औजार. मी सांगितलं की आपल्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, औजारांची नाही. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस रायपुरात आहे, गावाने आपला एवढा एक शब्द शिकायला हरकत नाही. गोदू म्हणाली, मंग स्टोअरात काय म्हणत होते? स्टोअरमध्ये टूल म्हणत होतो. तो भाग वेगळा.

दुसऱ्या दुकानात एक रेक्झिनची पाहिली. दिसायला झकास. चेन ओढली तर दाते उघडेच राहिले. ही बॅग नव्हे, सूटकेसचं पोट्टं.

४ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष लागला. नवीन वस्तू घेऊ नये म्हणतात. मी असलं काही मानत नाही, पण एवढी मोठी, जन्माची खरेदी आहे, उगीच कशाला. हा काळ अभ्यासाला वापरायचा.

अभ्यास: तळ दुहेरी पाहिजे. चेन नको, बकल पाहिजे. पट्टा खांद्याला रुतू नये. प्रत्येक हत्याराला आपला खिसा. नवं राज्य झालं, आता आपण राजधानीत राहतो. वर्ष होत आलं. राजधानीच्या माणसाची बॅग तशीच पाहिजे.

९ सप्टेंबर

पाइप दाराआड उभा ठेवला होता. आज पाहतो तर गोदूने त्यावर पोतेरं वाळत घातलं आहे. बोललो. ती म्हणाली, घरात आल्यापासून पह्यल्यांदा कामात आला, वाळू द्या.

१४ सप्टेंबर

न्हाणीतली कुंकवाची खूण पाण्याने पुसली गेली. गोदूने नवीन लावली. जुना डाग फिकट दिसत होता म्हणून बरं. नवीन खूण चार बोटं खाली! मी टेप लावून दाखवलं. मापात ही अशी ढिलाई असेल तर मिस्त्रीने काय करावं? गोदू म्हणाली, आता इथंच पुरते हात. म्हटलं, पंधरा दिवसांत माणसाचा हात आखूड होत नाही. तिने कुंकवाचं बोट पदराला पुसलं.

१७ सप्टेंबर, सोमवार

विश्वकर्मापूजा. वर्कशॉपमध्ये गेलो. यंत्रांना हार, बुंदीचा प्रसाद. मंडळींनी विचारलं, बाबू, काय काय बनवलं? म्हटलं, तयारी चालू आहे. कोणीतरी मागे हसलं. आज सर्वपित्रीही होती. म्हणजे पितृपक्ष संपला. उद्यापासून मी मोकळा. उद्या बॅग, परवा दांडी.

१८ सप्टेंबर

अधिक मास लागला. धोंड्याचा महिना. पूर्ण महिना नवीन खरेदी नाही.

गोदू म्हणते, तुम्ही कधीपासून पंचांग पाहून राहिले? लग्नात मुहूर्त टळून गेला होता तरी तुम्ही हार्मोनियमवाल्याशी बोलत बसले होते. हिला नको त्या गोष्टी आठवतात.

२६ सप्टेंबर

विकत घ्यायची नाही, पण ट्रायलला आणायला शास्त्राची ना नाही. स्टेशनाजवळच्या भैयाकडून मिलिटरीची कॅनव्हासची किटबॅग आणली. कापड एक नंबर. सगळी हत्यारं भरून अंगणात फेऱ्या मारल्या. शेजारच्या अंजनाबाई भिंतीवरून बघत होत्या. विचारलं, कहां जा रहे हो भैया? म्हटलं, कुठेच नाही. त्या मान हलवून हव म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोष: गोल तळ. खाली ठेवली की आडवी होते. पेचकस पाहिजे असेल तर अख्खं पोट रिकामं करावं लागतं. हातोडी गडगडत तुळशीपाशी गेली. उचलायला गोदू वाकली आणि तशीच थोडा वेळ कट्ट्याला धरून उभी राहिली. मी म्हटलं, राहू दे, मी उचलतो. बॅग परत केली.

७ ऑक्टोबर, रविवार

राधिका आणि शेखर नागपूरहून आले. धोंड्याचं वाण द्यायला मुद्दाम बोलावलं होतं. गोदूने स्वतः अनारसे तळले. जाळी सुंदर पडली. तळताना मध्ये मध्ये पाटावर बसत होती, पण दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

जावई चांगला आहे, फक्त घाई फार. हात धुवायला मागे गेला, दाराआड पाइप पाहिला, कशाचा म्हणून विचारलं. गोदूने सांगितलं. तो म्हणाला, बाबा, दहा मिनिटांचं काम आहे, ड्रिल द्या. द्या म्हणेपर्यंत त्याने पिप्यातून काढलंसुद्धा. ते मी त्याच्या हातातून काढून घेतलं. अधिक मासात जावई म्हणजे साक्षात विष्णू. ताटात दिवा आणि अनारसे ठेवून ज्याला ओवाळायचं, त्याला न्हाणीत भिंत खोदायला लावायची? लोक काय म्हणतील? आणि हत्यारं माझी आहेत.

शेखर हसला आणि हात धुवायला गेला. आत स्वयंपाकघरात गोदू हळू आवाजात म्हणाली, विष्णूनं लावली असती तं लई बरं झालं असतं.

राधिकाने मला बाजूला घेतलं. आईचे पाय सुजले आहेत, तिला नागपूरला नेते, मोठ्या डॉक्टरला दाखवते म्हणाली. म्हटलं, रायपूर आता राजधानी आहे, इथे सगळं आहे. नागपूरला काय नेतेस. ती रागाने हिंदीत बोलायला लागली, पापा, आप समझते नहीं हो. लहानपणापासून तिचा राग हिंदीतच येतो.

१० ऑक्टोबर

गोदू अंजनाबाईंकडे बसायला गेली होती. न्हाणीत जाऊन पाइप भिंतीला लावून पाहिला. ठोकला नाही, नुसता हाताने धरून पाहिला. न्हाणी एकदम दवाखान्यातल्यासारखी दिसायला लागली. मला ते अजिबात आवडलं नाही.

दांडी लागली म्हणजे गोदू आजारी आहे असं ठरून जातं. ती आजारी नाही. थंडी पडली की तिला बरं वाटतं, दर वर्षी वाटतं. मग त्या दांडीचं काय करायचं, टॉवेल टाकायचे?

पाइप परत दाराआड ठेवला. बॅगेचं बघितलं पाहिजे.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

काल घट बसले. अधिक मास संपला. आणि आज बॅग सापडली! म्हणजे सापडायची आहे, पण माणूस सापडला.

भनपुरीला ट्रकवाल्यांची रांग असते, तिथे तिरपाल शिवणारे बसतात. मनात आलं, जे कापड ट्रकवरच्या सिमेंटला पावसातून वाचवतं ते माझ्या हत्यारांना का नाही? लहानू म्हणून एक जण भेटला, मूळचा दर्यापूरकडचा. जमिनीत गाडलेल्या मोठ्या मशिनीपाशी खड्ड्यात पाय सोडून बसतो. मी मुद्दाम म्हणालो, हत्यारांची थैली पाहिजे. तो म्हणाला, हत्यारांची नं, हव, देऊ नं शिवून, कोनते कोनते हत्यारं हायत? मला गहिवरून आलं. इतक्या दिवसांत पहिला माणूस ज्याला शब्द समजावून सांगावा लागला नाही. त्याला बसून सगळा आराखडा सांगितला. दुहेरी तळ, बकल, खिसे. तो ऐकत ऐकत एक पूर्ण ट्रकचं तिरपाल शिवून मोकळा झाला.

दसऱ्याच्या आधी देतो म्हणाला. खंडेनवमीला हत्यारं नव्या बॅगेत बसवून पूजा, दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून दांडी. योग असा लागतो.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी

बॅग झाली नाही. धान कापणीला आलं, सगळ्या मंडीवाल्यांना तिरपालं आत्ताच पाहिजेत. लहानू म्हणाला, बाबूजी, धान भिजलं तं लोक मारतीन मले, तुमची हत्यारं थोडी भिजून राहिली. मुद्दा बरोबर होता, म्हणून रागावता आलं नाही.

हत्यारांची पूजा पिप्यातच झाली. गोदूने झेंडूची माळ करून पिप्याला घातली. पाटावरून उठताना तिने माझा खांदा धरला, आणि उभी राहिल्यावरही सोडला नाही. तिच्या हाताला वजन असं राहिलेलंच नाही. म्हटलं, उपास सोडून दे. ती म्हणाली, उपास सोडूनच दिला हाय मी यंदा, तुम्ही पाह्यलं नाही का?

पूजेनंतर हत्यारांना हात लावत नाहीत. म्हणून आज काम नाही. उद्या सण.

२९ ऑक्टोबर

न्हाणीत पुन्हा नवीन खूण. आणखी खाली. या वेळी मी टेप लावला नाही.

३१ ऑक्टोबर, बुधवार

लहानूकडून निरोप आला, उद्या थैली तयार. येताना सगळी हत्यारं घेऊन या, खिसे त्या मापाने जागेवर पक्के करतो. वा! याला म्हणतात काम.

उद्या एक नोव्हेंबर. राज्याचा पहिला वाढदिवस, गावभर झेंडे, कमानी, मंत्री. ठराव: उद्या संध्याकाळी दांडी लागणार. गोदू म्हणाली, राज्याचा वाढदिवस हाय तं दांडीचाबी होऊन जाऊ द्या. आज कोजागरी, तिने दूध आटवलं. अंगणात दोघं बसून प्यालो. ती म्हणाली, चंद्र छान दिसून राहिला. खरंच दिसत होता.

१ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी.

निघायच्या तयारीत आहे. सगळी हत्यारं दोन पोत्यांत भरली. गोदू म्हणते, आज राहू द्या थैली, आज घरीच राहा, मले बरं वाटून नाही राहिलं. आणि हत्यारं इथंच हायत तं आत्ताच लावून टाका नं दांडी. मी समजावलं की एका दिवसासाठी पद्धत मोडायची नाही. आंघोळ नको करू म्हणून सांगितलं आहे, मी आल्यावर पाणी काढून देईन. ती म्हणाली, सणाच्या दिवशी बिना आंघोळीची बसू का? हा सण सरकारचा आहे, आपला नाही, म्हटलं.

संध्याकाळपर्यंत येतो. नक्की.

३ नोव्हेंबर, शनिवार. हॉस्पिटलच्या बाकावर.

परवाचं लिहायचं राहिलं. क्रमाने लिहितो.

बॅग अप्रतिम झाली. हिरवं तिरपाल, दुहेरी तळ, पितळी बकल. प्रत्येक हत्यार आपापल्या खिशात. मी लहानूला मिठी मारली. दुपार झाली होती. सरळ टेम्पोने घरी यायचं होतं. पण भरलेल्या बॅगेचा पट्टा खांद्यावर कसा बसतो हे चालल्याशिवाय कळत नाही, म्हणून अलीकडेच उतरलो आणि मोठ्या रस्त्याने पायी निघालो. बॅग जड होती, पण रुतत नव्हती. लोक वळून बघत होते.

पुढे दोर बांधलेले. मंत्र्यांच्या गाड्या जायच्या होत्या. हवालदाराने थांबवलं. इतने बड़े थैले में क्या है? मी बकल उघडण्याआधी, अभिमानाने, मोठ्याने सांगितलं, हत्यार है.

गोदूने दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, औजार म्हणा.

पुढचं भराभर झालं. शिट्ट्या, माणसं मागे सरली, मला आणि बॅगेला वेगवेगळ्या बाजूंनी नेलं. चौकीच्या बाकावर बसवलं. वाईट कोणी वागलं नाही. चहा दिला. मी समजावलं की मराठीत टूलला हत्यार म्हणतात. हवालदार म्हणाला, तो आप हिंदी में क्यों बोले? गाड्या जाईपर्यंत आणि मोठे साहेब येईपर्यंत सोडता येणार नाही म्हणाले. मी घरी निरोप द्या म्हटलं नाही. घरी काय काळजी आहे, असंच मला वाटत होतं. उलट बसल्या बसल्या त्यांना दुहेरी तळ दाखवला. मोठे साहेब आले, त्यांनी बॅग उचलून पाहिली, हसले आणि म्हणाले, थैला मजबूत है बाबूजी. मला बरं वाटलं.

मी बाकावर बसून शिलाई दाखवत होतो तेव्हा गोदू न्हाणीत पडली.

अंधार पडताना घरी आलो. अंजनाबाई ओट्यावर बसून होत्या. रडत म्हणाल्या, दीदी फिसल गई, मोहल्लेवाले अस्पताल ले गए, तुमको कहां कहां ढूंढे भैया. मी बॅग घेऊनच हॉस्पिटलमध्ये आलो. खाली ठेवायचं सुचलंच नाही.

मांडीचं हाड मोडलं आहे, खुब्यापाशी. डॉक्टर म्हणतात, पडली म्हणून चक्कर नाही, चक्कर आली म्हणून पडली, आणि हृदय बरेच दिवस थकलेलं आहे. पाय दाखवून विचारलं, सूज कधीपासून आहे? मी म्हटलं, आत्ताच आली असेल.

राधिका रात्रीच्या गाडीने निघाली आहे.

४ नोव्हेंबर, रविवार

गोदू आज नीट बोलली. पहिला प्रश्न, थैली कशी झाली? मग कुठं होते एवढा वेळ? सगळं सांगितलं. हत्यार है म्हणालो, हेही सांगितलं. तिने डोळे मिटले. मला वाटलं दुखतंय. ती हसत होती. हसलं की दुखत होतं, तरी हसत होती. म्हणाली, बंदूकवाले बाबू.

मग माझा हात धरून म्हणाली, भिंतीवर खूण हाय नं अजून? म्हटलं, आहे. बरं, म्हणाली.

७ नोव्हेंबर, बुधवार

दांडी लावली.

राधिका हॉस्पिटलमध्ये बसली, मी घरी आलो. गोदू परत येईल तेव्हा तयार पाहिजे. बॅग न्हाणीच्या दारात ठेवली. ड्रिल त्याच्या खिशातून चटकन निघालं. बॅगेबद्दल माझं म्हणणं खरं होतं. पण भिंत कशी धरायची, जोर कुठे द्यायचा, ते कळेना. पहिलं भोक वाकडं गेलं. दुसऱ्याला प्लास्टरचा पोपडाच निघाला. हाताला फोड आले. दोनदा बसून राहिलो. शेखर खरं बोलला होता. त्याला दहा मिनिटं लागली असती. मला दिवस लागला. इतके दिवस लागायला नको होते. लागायला नकोच होते.

तीन खुणा होत्या, दोन फिकट. शेवटच्या खुणेवर लावली. इतकी खाली की मला गुडघ्यावर बसून स्क्रू पिळावे लागले. पाणसळीत बुडबुडा बरोबर मध्ये. मग दोन्ही हातांनी धरून सगळं वजन टाकलं. हलली नाही.

ठराव: गोदूला आधी सांगायचं नाही. घरी आल्यावर दाखवायची.

१० नोव्हेंबर

राहवलं नाही, सांगून टाकलं. गोदू डोळे न उघडता म्हणाली, सरळ लागली का? म्हटलं, एकदम सरळ. ती म्हणाली, मंग आता तिच्यावर पोतेरं नाही घालत मी.

डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरतंय. मी विचारलं, घरी कधी न्यायची? त्यांनी राधिकाकडे पाहिलं.

११ नोव्हेंबर, रविवार

गोदू गेली. पहाटे. मी हात धरून होतो.

२४ नोव्हेंबर, शनिवार

काल तेरवी झाली. दिवाळी मध्येच येऊन गेली, शेजारच्या गल्लीत फटाके वाजले तेव्हा कळलं. अस्थी महादेवघाटावर खारून नदीत सोडल्या. अंजनाबाईंनी रोज दोन्ही वेळ डबा पाठवला.

राधिका आणि शेखर आज निघाले. राधिकाला आईच्या साड्या न्यायच्या होत्या. कपाट उघडलं तर इतक्या निघाल्या की त्यांच्या कुठल्याच बॅगेत मावेनात. घरात मोठी बॅग म्हणावी अशी एकच होती. मी हत्यारं काढून परत पिप्यात टाकली. राधिका म्हणाली, राहू द्या बाबा, तुमची नवीन आहे. मराठीत म्हणाली. म्हटलं, ने. ती मोठी आहे, मजबूत आहे, जन्मभर टिकेल. सगळ्या साड्या मावल्या. लग्नातला शालूही मावला. बकल लागलं, शिलाई कुठे ताणली नाही.

स्टेशनवर शेखरने उचलली. खांद्याला रुतत नाही ना, मी विचारलं. नाही बाबा, म्हणाला. राधिकाने मला नागपूरला येऊन राहा म्हटलं. म्हटलं, बघू.

घरी आलो. गोदूच्या कपाटाची दारं लागत नव्हती. बिजागरीचा स्क्रू ढिला होता. पेचकस पिप्याच्या तळाशी गेलेला. मनगट पुन्हा खरचटलं. हळद कुठे ठेवलेली असते ते मला माहीत नाही.

३ डिसेंबर, सोमवार

थंडी चांगली पडली आहे. आज आंघोळ करून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. उपाशीपोटी आंघोळ, दुसरं काही नाही. हात आपोआप दांडीवर गेला. दांडी जराही हलली नाही. काम पक्कं झालेलं आहे.

फक्त ती गोदूच्या हाताला पुरेल अशी लावली आहे. धरायला मला खूप वाकावं लागतं.